न वापरलेले पाते : संग्रह, लक्षणा आणि न्याय

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या पहिल्या भागात सॉक्रेटीस आणि पोलेमार्कस यांच्या संवादात एक विळा येतो. ज्याचे त्याला देणे म्हणजे न्याय, ही सायमनायडीझच्या नावाने चालत आलेली व्याख्या पोलेमार्कस मांडतो, आणि मग न्यायाचा उपयोग नेमका कोठे होतो या प्रश्नावर सॉक्रेटीस त्याला एकेक पायरी खाली उतरवीत नेतो. द्राक्षवेलीची छाटणी करायची असेल तर छाटणी जाणणारा उपयोगी; विळा नुसता जपून ठेवायचा असेल तर न्यायी माणूस उपयोगी. ढालीचे तेच, वाद्याचे तेच. तेव्हा वस्तू वापरात असताना न्याय निरुपयोगी आणि वस्तू निरुपयोगी झाली की न्याय उपयोगी, असा निष्कर्ष निघतो. अशा स्थितीत न्याय ही काही फार गंभीर गोष्ट दिसत नाही, असा टोला मारून सॉक्रेटीस पुढे सरकतो. हा भाग पोलेमार्कसच्या व्याख्येची फजिती म्हणून वाचण्याचा प्रघात आहे, आणि संवादातील डाव म्हणून तो तसा वाचणे योग्यही आहे. परंतु हत्यारे वापरण्याऐवजी ठेवण्यासाठीच जेथे गोळा केली जातात, त्या संग्रहाच्या क्षेत्रात हा उपहास अक्षरश: खरा ठरतो. काचेच्या कपाटातील विळा कापीत नाही. मग त्याला काय देणे लागते, आणि ते कोणी द्यायचे, हा प्रश्न तेथे अपरिहार्य होतो.

या प्रश्नाचे सर्वांत टोकाचे रूप पाहायचे असेल तर अमेरिकेतील जुन्या घडीच्या चाकूंच्या संग्राहकांकडे पाहावे. खिशात मावणारा, एक ते चार पाती मुठीत मिटणारा हा चाकू तेथील शेतकरी, गुराखी आणि शिकारी यांचे रोजचे हत्यार होता. त्याच्या प्रकारांची नावेच त्याच्या कामाची नावे आहेत. ‘स्टॉकमन’ हा पशुपालकाचा चाकू : त्याचे लांब पाते सर्वसाधारण कामाचे, सरळ धारेचे आखूड पाते प्रामुख्याने खूर तासण्याचे आणि बोथट टोकाचे तिसरे पाते जनावरांचे खच्चीकरण करण्याचे. ‘ट्रॅपर’ हा फासेपारध करणाऱ्याचा. रेमिंग्टन या बंदुका करणाऱ्या कंपनीने पहिल्या महायुद्धानंतर मागणी ओसरलेल्या कारखान्याला काम हवे म्हणून १९२० मध्ये असे चाकू करावयास घेतले आणि १९४० मध्ये ते थांबविले. या वीस वर्षांतील, मुठीवर काडतुसाच्या आकाराची धातूची खूण जडविलेले चाकू आज संग्राहकांच्या विशेष प्रेमाचे आहेत. पेनसिल्व्हानियातील ब्रॅडफर्डच्या केस कंपनीने १९७० पासून पात्याच्या बुडावरील मुद्रेखाली दहा ठिपके उमटविले आणि दरवर्षी एक ठिपका कमी करीत नेला. त्यामुळे पाते उघडून ठिपके मोजले की चाकूचे जन्मवर्ष कळते. मुद्रा, ठिपके, मुठीवरील हाडाचे कोरीव खाचकाम, पाते उघडताना लागणारा ताण आणि मिटताना होणारा खटका या सर्वांची मिळून एक सूक्ष्म वाचनपद्धती या संग्राहकांनी घडविली आहे. पाठचिकित्सकाने हस्तलिखिताचे वाचन करावे तसेच ते आहे, आणि त्यातील विद्वत्तेची थट्टा करण्याचे कारण नाही.

परंतु या वाचनपद्धतीचा मूल्यनियम विचार करावयास लावणारा आहे. ज्या चाकूने कधीच काही कापले नाही, ज्याला एकदाही सहाणेवर धार लावली गेली नाही, त्याची किंमत सर्वांत अधिक. एकदा धार लावली की पात्यावरचे कारखान्यातील मूळ घासकाम बिघडते आणि किंमत उतरते. वर्षानुवर्षे धार लावून पाते निमुळते झाले असेल तर संग्राहकाच्या लेखी चाकू ‘झिजलेला’. मूठ किंवा पाते बदलले असेल तर तो जवळजवळ बनावटच. म्हणजे स्टॉकमन या चाकूच्या संग्रहात सर्वश्रेष्ठ स्थान अशा चाकूला मिळते, की जो कोणत्याही पशुपालकाच्या हाती कधी गेला नाही. ॲरिस्टॉटलने ‘आत्म्याविषयी’ या ग्रंथात कुऱ्हाडीचे उदाहरण घेतले आहे : कुऱ्हाड सजीव असती तर कापण्याची शक्ती हाच तिचा आत्मा ठरला असता, आणि ती गेल्यावर कुऱ्हाड केवळ नावाची उरली असती. या संग्रहातील चाकूचा आत्मा मात्र गेलेला नाही. तो देहात आहे, पण त्याने कधी काही केलेलेच नाही. शक्ती अबाधित आणि क्रिया शून्य, अशी ही अवस्था आहे. ब्रह्मचर्याशी तिची तुलना करण्याचा मोह होतो. पण ब्रह्मचर्य हा ज्याचे त्याने घेतलेला निश्चय असतो. चाकूचे कोमार्य दुसऱ्या कोणीतरी राखलेले असते, आणि ते विकाऊ असते.

शिवाय ते पुरते निष्कलंकही नाही. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत शेफील्डच्या आणि अमेरिकेच्या उत्तम चाकूंच्या मुठींसाठी जे शिंग वापरले जाई, त्यांतील बरेचसे भारतातील सांबराचे होते. आता भारतातून ही निर्यात होत नाही, त्यामुळे जुन्या सांबरशिंगी मुठी अधिकच दुर्मीळ आणि अधिकच महाग झाल्या आहेत. ज्या पात्याने एक फळही चिरले नाही त्याची मूठ कोणत्यातरी अरण्यातून, कोणाच्यातरी हातांनी गोळा होऊन, समुद्र ओलांडून आलेली असते. मुद्रेत कारखान्याचे नाव असते. शिंगे वेचणाऱ्याचे नसते.

हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी तालुक्यात, नांदेडहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर डोंगरकडा हे गाव आहे. केळी, ऊस आणि हळद यांचा हा टापू. येथे पाते कशासाठी असते हे निराळे सांगावे लागत नाही. केळीचा घड उतरविताना देठातून जो चीक वाहतो त्याने पोलादी पाते काळे पडते, आणि तो काळेपणा राखेने घासूनही पुरता जात नाही. अमेरिकन संग्राहकांमध्ये अशा काळवंडलेल्या पात्यावरून वाद आहेत : तो रंग राखावा की पुसावा, तो वयाचा सन्मान की निगेचा अभाव? केळीच्या बागेत हा वाद संभवत नाही, कारण तेथे पाते काळे नसेल तर ते पाते नवे आहे किंवा बाग बंद आहे, एवढाच त्याचा अर्थ.

असे असले तरी हत्यारे मांडून ठेवण्याची, त्यांच्याकडे केवळ पाहण्याची कल्पना या गावांना परकी आहे असे मानणे चुकीचे होईल. आश्विन शुद्ध नवमीला, खंडेनवमीला, घरोघर हत्यारे धुऊनपुसून एका जागी मांडतात : विळा, कोयता, खुरपे, कुदळ, कुऱ्हाड, सुताराकडे वाकस आणि पटाशी, शिंप्याकडे कात्री, अलीकडे ट्रॅक्टर आणि पाण्याचे इंजिनसुद्धा. त्यांना हळदकुंकू, झेंडूची फुले, आणि त्या दिवशी त्यांच्याकडून काम घेऊ नये असा संकेत. हे प्रदर्शनच आहे. त्यात वस्तू वापरातून बाहेर काढली जाते, एका चौकटीत ठेवली जाते, तिच्याकडे रोजच्याहून वेगळ्या नजरेने पाहिले जाते. वस्तुसंग्रहालयाच्या सर्व क्रिया तेथे आहेत. फरक अवधीचा आहे, आणि हा फरक वाटतो तितका किरकोळ नाही. सीमोल्लंघन झाले की विळा पुन्हा बांधावर जातो. पूजेच्या दिवशीचे थांबणे हे कामाच्या आतले थांबणे असते. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. ती विश्रांती बैलपणातून मुक्ती नसते, उद्याच्या जुवाच्या संदर्भातच तिला अर्थ येतो.

संस्कृत काव्यशास्त्रातील लक्षणेची मीमांसा या ठिकाणी उपयोगी पडते, आणि ती केवळ अलंकारापुरती नाही. मम्मटाच्या मते लक्षणेला तीन गोष्टी लागतात : मुख्य अर्थाचा बाध, त्या अर्थाशी संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन यांपैकी एक कारण. संग्रहातील वस्तूला हे जसेच्या तसे लागू करता येते. काचेमुळे मुख्यार्थाचा, म्हणजे कापण्याचा, बाध होतो. तरीही ती वस्तू त्या मुख्यार्थाशी संबंधित राहते, नाहीतर तिला चाकू म्हणून पाहण्याचे कारण उरत नाही. आणि ती काहीतरी दुसरेच सांगू लागते : एखादे युग, एखादी कारागिरी, एखाद्या मालकाची रसिकता. हे दुसरे काय, हे प्रयोजनावर अवलंबून असते. ‘प्रयोजन कोणाचे?’ हा प्रश्न काव्यशास्त्राला फारसा पडला नाही, कारण तेथे वक्ता ठरलेला असतो. वस्तू मात्र स्वत: बोलत नाही, तिच्या वतीने दुसरा कोणी बोलतो, आणि प्रयोजन त्याचे असते.

मम्मट पुढे लक्षणेचे दोन प्रकार करतो. एकीत शब्द स्वत:चा अर्थ न सोडता दुसरा अर्थ सोबत घेऊन येतो. तिचे ठरीव उदाहरण म्हणजे भाले आत शिरत आहेत असे म्हणणे. भाले तर शिरतातच, पण ते धरणारी माणसेही शिरतात. दुसरीत शब्द दुसऱ्या अर्थाला जागा करून देण्यासाठी स्वत:चा अर्थ टाकतो. गंगेवरच्या गवळीवाड्याचे उदाहरण सर्वपरिचित आहे. खंडेनवमीचा विळा पहिल्या प्रकारात बसतो : तो कापणारा विळा राहूनच पूज्य होतो. कारखान्यातून निघाल्यावर ज्याला धारच लागली नाही तो चाकू दुसऱ्या प्रकारातला. त्याला मौल्यवान होण्यासाठी चाकूपण टाकावे लागते. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबमध्ये गुरू गोबिंदसिंहांची म्हणून जपलेली शस्त्रे रोज सायंकाळी संगतीला एकेक करून, त्यांची ओळख सांगत, दाखविली जातात, आणि तख्तस्नानाच्या प्रसंगी गोदावरीच्या पाण्याने धुतली जातात. शतकानुशतके ती शस्त्रे कोणी चालविलेली नाहीत. तरीही तेथील दर्शनाला संग्रहालयीन म्हणता येत नाही, कारण पाहणाऱ्या समुदायाच्या लेखी शस्त्र धारण करणे ही संपलेली गोष्ट नाही. पाहणाऱ्याच्या कमरेला कृपाण असते. मुख्यार्थ पाहणाऱ्याकडून पुरविला जातो.

लक्षणेचे याहून धारदार उदाहरण मात्र याच टापूच्या बोलीत आहे, आणि त्याची दखल काव्यशास्त्राच्या अभ्यासकांनी घ्यावयास हवी होती. ऊसतोडणीच्या व्यवहारात ‘कोयता’ हे माणसांचे परिमाण आहे. मुकादमाच्या वहीत एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकटा मजूर म्हणजे अर्धा कोयता. उचल कोयत्यागणिक ठरते, टोळी किती कोयत्यांची हे विचारले जाते, हंगामात ‘कोयते आले’ असे म्हटले जाते. मम्मटाच्या भाल्यांचे हे हुबेहूब भावंड आहे : कोयते येतात आणि ते धरणारी माणसे त्यांच्यासोबत येतात. पण येथे क्रम उलटला आहे. भाल्यांच्या उदाहरणात शस्त्राने माणसांना सोबत आणले, त्यात सैन्याचा दरारा वाढला. कोयत्याच्या उदाहरणात माणूस हत्याराच्या नावाखाली मोजला जातो, आणि दोन माणसे मिळून एक हत्यार होतात. त्यातली बाई तर या गणितात स्वतंत्र संख्याही नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य शासनाला समिती नेमावी लागली. ‘शस्त्रक्रिया’ या शब्दातही शस्त्र आहेच. याच सुमारास पुण्याच्या वृत्तपत्रांत ‘कोयता गँग’ हा शब्दप्रयोग रुळला, आणि एकाच हत्याराच्या नावाने एकीकडे राबणारी आणि दुसरीकडे दहशत माजविणारी माणसे ओळखली जाऊ लागली.

कायद्याने ही अडचण आपल्या परीने सोडविण्याचा प्रयत्न केला आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या हत्यारांची वर्गवारी आहे. परंतु घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी घडविलेली हत्यारे तिच्यातून वगळली आहेत. म्हणजे कायदा शेवटी पात्याकडे पाहत नाही, प्रयोजनाकडे पाहतो. प्लेटोच्या त्याच संवादात सॉक्रेटीस थ्रॅसिमॅकसला सांगतो की द्राक्षाची फांदी खंजिरानेही छाटता येते, पण त्यासाठीच केलेल्या विळ्याने ती उत्तम छाटली जाते, म्हणून तेच विळ्याचे स्वकर्म. कायद्याची भाषा आणि ही भाषा एकच आहे. प्रश्न असा की संग्राहकाच्या चाकूचे स्वकर्म कोणते? तो शेतीचा नाही, घरगुती नाही, शस्त्रही नाही. तो पाहण्यासाठी आहे, आणि पाहण्यासाठी असलेल्या पात्याचे वर्गीकरण करण्याची गरज कायद्याला सहसा वाटत नाही.

मराठीत घडीच्या चाकूचे सर्वांत जवळचे नातलग शोधायचे तर ते अडकित्त्यात सापडते. चंचीत, म्हणजे पानसुपारीच्या त्या कापडी खिशात, बाळगले जाणारे हे दोन दांड्यांचे पाते. शब्द कन्नडातून आलेला, सुपारी आणि कात्री यांचा जोड. ‘चाकू’ तुर्की-फारसी वाटेने आला, ‘सुरी’ संस्कृतातून. मराठी खिशात किती भाषांची पाती मिटलेली आहेत, हा एक स्वतंत्र विषय होईल. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा जो समूह आहे तो प्रसिद्धच आहे : घोड्याच्या, मोराच्या, पोपटाच्या, स्त्रीपुरुषांच्या आकृती घेतलेले अडकित्ते, ज्यांत कापण्याचे काम आणि शृंगाराचा संकेत एकाच बिजागरीवर फिरतात. हा संग्रह उभा करणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) व्यवसायाने चष्म्यांचे दुकानदार आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने लिहिणारे कवी. १९२० च्या सुमारास त्यांनी गोळा करावयास सुरुवात केली. गावोगाव हिंडून दिवे, दौती, वज्री, फण्या, चौकटी, वाद्ये आणली. १९७५ मध्ये सारा संग्रह राज्य शासनाला दिला. आणि संग्रहालयाला नाव दिले ते बालपणी गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे. वस्तूंचे नाव जपणाऱ्या संस्थेच्या नावात एक मूल आहे, हे लक्षात ठेवूनच तेथील मांडणी पाहावी.

केळकरांचा संग्रह आणि अमेरिकन चाकूंचा संग्रह यांत मूलभूत भेद आहे. केळकरांनी न वापरलेल्या वस्तू शोधल्या नाहीत. वज्रीवर टाचांचे घासणे आहे, दिव्यावर काजळी होती, अडकित्त्याच्या पात्याला सुपारीने पाडलेली झीज आहे. १९३१ मध्ये वॉल्टर बेंजामिनने आपल्या पुस्तकांची खोकी उघडताना संग्राहकाविषयी जे लिहिले, आणि अन्यत्र वस्तूला उपयोगीपणाच्या ओझ्यातून सोडविणारा म्हणून संग्राहकाचे जे चित्र रेखाटले, ते केळकरांना निम्मेच लागू पडते. त्यांनी वस्तूला ओझ्यातून सोडविले, पण ओझ्याच्या खुणा पुसल्या नाहीत. बोद्रियारने १९६८ मध्ये वस्तुव्यवस्थेचे विश्लेषण करताना म्हटले, की कार्यापासून तोडलेली वस्तू ही केवळ मालकीची वस्तू बनते आणि शेवटी मालकाचाच आरसा होते. न वापरलेल्या चाकूच्या बाबतीत हे पटते. वापरलेल्या अडकित्त्याचा आरसा मात्र धुरकट आहे. त्यात मालकाबरोबर आणखी कोणीतरी दिसत राहते.

येथे संग्राहकाच्या बाजूने एक गोष्ट स्पष्टपणे म्हणावयास हवी. केळकरांसारखे लोक हिंडले नसते तर ती पितळ आणि ते लोखंड मोडीत गेले असते. नेमाडे यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हिंदू’ या कादंबरीच्या उपशीर्षकात ‘समृद्ध अडगळ’ असा शब्द योजला. अडगळ ही जगण्याच्या आत असते आणि संग्रह जगण्याच्या बाहेर, असा भेद करून अडगळीच्या बाजूने उभे राहणे सोपे आहे. परंतु माळ्यावरची अडगळ दोन पिढ्यांत भंगारवाल्याकडे जाते, हेही तितकेच खरे. शिवाय वापर ही निरागस गोष्ट नव्हे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाड्या’त (१९१५) बलुतेदारीचा जो तपशील आहे त्यावरून दिसते, की कुणब्याच्या विळ्याला धार लावणे हा लोहाराच्या जातीवर लादलेला क्रम होता आणि त्याचा मोबदला खळ्यावरच्या धान्यात, मागून घ्यावयाच्या बलुत्यात मिळे. गावोगाव पाल ठोकून भाता फुंकणाऱ्या घिसाड्याला तर गावात घरही नव्हते. वापराचे गुणगान करताना कोणाच्या हातांनी तो वापर शक्य झाला हे विसरले, तर ते गुणगान देशीपणाचे नाव घेऊन जुन्या उतरंडीचेच होते. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण झाडाच्या बाजूने बोलते. लोखंडाच्या आणि ते घडविणाऱ्याच्या बाजूने बोलणारी म्हण सहसा ऐकू येत नाही.

म्हणून वापर विरुद्ध प्रदर्शन असा सरळ सामना मांडून चालत नाही. प्रदर्शनामुळे वस्तूला कामातून सुटका मिळते. ती सुटका माणसाला मिळाली का, हे पाहिले पाहिजे. वस्तुसंग्रहालयातील चिठ्ठीवर सामान्यत: वस्तूचे नाव, धातू, प्रदेश आणि काळ एवढे असते. कर्त्याचे नाव नसते, कारण ते कळत नाही. अमेरिकन चाकूच्या बुडावर कारखान्याची मुद्रा असते आणि तिच्यामुळे त्याचा इतिहास लिहिता येतो. येथील लोहाराने आपल्या विळ्यावर मुद्रा उमटविली नाही, कारण त्याच्या गिऱ्हाइकाला ती नको होती. पात्याचा बाक आणि पाणी पाहून कोणाच्या भात्यातले लोखंड आहे ते गावाला समजे. मुद्रेची ओळख आणि हाताची ओळख यांत हा भेद आहे, आणि संग्रहालय पहिलीच ओळख मानते. ज्याची ओळख हाताची, तो तेथे अनामिक होतो. ‘कुशल’ हा शब्द मम्मटाने रूढ लक्षणेचे उदाहरण म्हणून घेतला आहे. मूळ अर्थ धारदार कुश गवत तोडून आणणारा. गवत विसरले गेले, तोडणाराही विसरला गेला, कौशल्य तेवढे उरले. शब्दांच्या बाबतीत हे स्वाभाविक मानले जाते. वस्तूंच्या बाबतीत ते तितक्या सहजपणे मानता येणार नाही, कारण तोडणारे अजून जिवंत आहेत आणि त्यांना अजून कोयता म्हणूनच मोजले जाते.

एखाद्या वस्तूचे मूल्य एकाच वापरावर उभे असते, तेव्हा काय होते हे वाघनखांच्या प्रकरणात दिसले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील, साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्या घराण्याकडून तेथे गेलेली वाघनखे २०२४ च्या जुलैमध्ये तीन वर्षांच्या मुदतीने साताऱ्यात आली. अफझलखानाच्या भेटीत वापरली ती हीच काय, याची खात्री देता येत नाही, हे त्या संग्रहालयाने स्वत: नमूद केले आहे. तरी रांगा लागल्या. येथे न वापरलेल्या चाकूच्या नेमके उलट घडते : पात्याला अंगभूत मूल्य काहीच नाही, ते सर्व एका क्षणावर सोपविलेले आहे, आणि तो क्षण काचेत नाही. पाहणारे ज्या गोष्टीपाशी नमस्कार करतात ती त्यांनी स्वत: सोबत आणलेली असते. यावर नाक मुरडण्याचे कारण नाही. परंतु ‘ही तीच’ असे चिठ्ठीवर लिहिणे आणि ‘ही ती असू शकतील’ असे लिहिणे, यांतील अंतर म्हणजेच जपून ठेवणाऱ्याचा न्याय. सॉक्रेटिसाने ज्याची थट्टा केली तो न्याय हाच.

आता डोंगरकड्यासारख्या गावात उद्या कोणी शेतीच्या हत्यारांचे दालन उभारायचे ठरविले, तर त्यात काय ठेवता येईल? पहिली अडचण तात्त्विक वाटेल, पण ती अगदी व्यावहारिक आहे. जर्मन लेखक लिश्टेनबर्ग याने १७९८ मध्ये गमतीने एका चाकूची नोंद केली होती : पाते नसलेला आणि मूठ हरवलेला चाकू. नागसेनाने मिलिंदाला विचारले तेच वेगळ्या रीतीने : चाक रथ आहे काय, आस रथ आहे काय? गावातील आजोबांच्या विळ्याची मूठ तीनदा बदललेली असते, पात्याला नवे पोलाद जोडलेले असते, आणि तरी तो आजोबांचाच विळा असतो. अमेरिकन संग्राहक त्याला हात लावणार नाही, कारण त्याच्या लेखी एकत्व भागांत असते. गावाच्या लेखी ते वापराच्या अखंडपणात असते, आणि काचेत ठेवल्याक्षणी नेमका तोच तुटतो. म्हणजे तो विळा दालनात आला की आजोबांचा राहील की नाही, हा प्रश्न चिठ्ठी लिहिणाऱ्यासमोर येईलच, आणि त्याचे प्रामाणिक उत्तर चिठ्ठीत मावेल असे दिसत नाही.

दुसरी अडचण जतनाची. जुन्या अमेरिकन चाकूंच्या काही मुठी सेल्युलॉइडच्या असतात. ते सेल्युलॉइड कुजू लागले की त्यातून आम्लाची वाफ निघते आणि बंद कपाटात शेजारच्या, अगदी निर्दोष राहिलेल्या पात्यांवरही गंज चढतो; म्हणून जाणते संग्राहक अशा चाकूंना वेगळे ठेवतात. चामड्याच्या म्यानात वर्षानुवर्षे ठेवलेले पातेही गंजते. हाताळले न जाणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे, एवढे तरी पोलादाने संग्राहकांना शिकविलेले आहे. बांधावरचा विळा गंजत नाही असे नाही. पण रोज गवत कापताना आणि आठवड्याला दगडावर घासताना त्याच्यावर गंजाला बसायला सवड मिळत नाही.

आणि तिसरी अडचण अशी, की या गावांत जुने हत्यार सापडणेच कठीण. कोयता झिजला की टाकीत नाहीत. लोहाराकडे किंवा वाटेने येणाऱ्या घिसाड्याकडे तो जातो. तापवून, ठोकून त्याचा विळा होतो, विळा झिजला की खुरपे, खुरप्याचे पाते बोटभर उरले की कशाचा तरी खिळा किंवा चीप. मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या घरी शंभर वर्षांपूर्वीचे लोखंड नसते असे नाही. ते असते, पण शंभर वर्षांपूर्वीच्या आकारात नसते, आणि कपाटात ठेवण्यासाठी ते मागितले तर ज्याच्या हातात आज ते खुरप्याच्या रूपाने आहे, त्याला सध्या हळदीच्या वाफ्यात बसून निंदणी करावयाची आहे.